धसका कोणी घ्यायचा?

पानिपतची हाय खाऊन नानासाहेब पेशवे गेले, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानांवर आहे. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला आणि २३ जूनला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. थोरला मुलगा आणि चुलतभाऊ एकाच दिवशी गमावलेल्या माणसाबद्दल असे म्हटले जाते, त्यात वावगे काही नाही. माझे लक्ष गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. नानासाहेब पानिपतावर नव्हते. ‘हाय खाणे’ हा वाक्प्रचार आपण घरी राहिलेल्याला दिला. जे रणात होते आणि जिवंत परत आले, त्यांच्यासाठी आपल्या बखरींनी, इतिहासांनी आणि कादंबऱ्यांनी कोणता वाक्प्रचार ठेवला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय वाङ्मयाचा असला तरी तो पुस्तकांपुरता नाही. मी राहतो त्या दिव्यात सातारा, महाड, माणगाव, पोलादपूरकडची बरीच निवृत्त फौजी मंडळी आहेत. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन आलेली, आणि आता मुंबईत एखाद्या बँकेच्या दारात किंवा टॉवरच्या गेटवर ड्यूटी करणारी. त्यांच्याबद्दल इमारतीत दोनच वाक्ये ऐकू येतात. ‘फौजी माणूस, शिस्तीचा’ हे एक आणि ‘फौजी माणूस, तापट डोक्याचा’ हे दुसरे. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात तक्रार. रात्री तीन वाजता जो गॅलरीत उभा असतो त्याच्याविषयी तिसरे वाक्य नाही. बायकोला डॉक्टरांपुढे नवऱ्याबद्दल काही सांगायचे झाले तर ती याच दोन वाक्यांमध्ये अडकते. भाषेची ही अडचण नवी नाही. निदान अडीचशे वर्षे जुनी आहे, असे माझे म्हणणे आहे.

महादजी शिंद्यांपासून सुरुवात करू. पानिपतावरून पळताना एक अफगाण स्वार त्यांच्या मागे लागला. महादजींची घोडी जातिवंत दक्षिणी, त्याचे जनावर बेढब. पण महादजी जरा थांबले की तो मागे दिसायचाच. शेवटी घोडी खड्ड्यात पडली, त्याने गाठले, गुडघ्यावर वार केला, घोडी व दागिने घेतले आणि तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने महादजींना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात ती सांगताना एक गोष्ट जास्तीची नोंदवली आहे. महादजी म्हणत की तो स्वार आपल्याला अजून झोपेत दिसतो, तसाच रखडत मागून येताना.

उत्तर हिंदुस्थानात ज्याच्या शब्दाला बादशहाच्या दरबारात वजन होते, त्या माणसाच्या झोपेत एक घोडेस्वार येत राहिला. मराठी सैनिकाच्या मनावर युद्धाने केलेल्या घावाची इतकी नेमकी नोंद मला दुसरीकडे भेटलेली नाही. पाठलाग संपत नाही, आपले जनावर चांगले असून उपयोग होत नाही, थांबले की तो दिसतो. आजचा मानसोपचारतज्ज्ञ अशा स्वप्नाबद्दल रुग्णाला जे प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे या दोन ओळींत आहेत. आणि ती नोंद इंग्रजीत आहे, परक्या अधिकाऱ्याने केलेली. आपल्याकडे महादजींचा पाय ठळक झाला. लंगडा पाय हे शौर्याचे प्रमाणपत्र होते. स्वप्न आले तर ओझरते, एखाद्या तळटीपेसारखे. राणेखानाचेही तसेच. त्याची गोष्ट आपण स्वामिनिष्ठेची म्हणून सांगतो. पण महादजींनी त्याला सेवक म्हटले नाही, ‘भाई’ म्हटले. ज्याने आपल्याला सर्वांत असहाय अवस्थेत पाहिले त्याला जवळ ठेवणे, त्याच्यापुढे काही लपवावे न लागणे, याला आज आधार म्हणतात.

अठराव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकातले निदान चिकटवायचे का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि मी निदान करीत नाही. परंतु जुने वाङ्मय या अंगाने वाचण्याची रीत आता रुळली आहे. जोनाथन शे हे बॉस्टनमधील मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करीत. १९९४ मध्ये त्यांनी ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिले, त्यात होमरचा अकिलीस आणि आपले रुग्ण शेजारी बसवून वाचले. पुढे २००२ मध्ये ओडिसियसच्या घरवापसीवर दुसरे. त्याही आधी, १९७० च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये परतलेले सैनिक आपसांत बोलण्यासाठी जमू लागले होते. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शाटन हे डॉक्टर त्यांच्यात जाऊन बसत. ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीत आले ते १९८० साली. म्हणजे आधी बोलणे झाले, नाव मागून आले. आपण उलट बाजूने चाललो आहोत. नाव इंग्रजीतून तयार आले आहे, बोलणे व्हायचे आहे.

मराठीत शब्द नाहीत असे मात्र नाही. ‘आघात’, ‘मानसिक धक्का’ हे पाठ्यपुस्तकी शब्द बाजूला ठेवा. घरातला शब्द आहे धसका. भीती छातीत घुसून तिथेच राहिली, असा त्याचा अर्थ, आणि तो ‘घेतला’ जातो. भीती येऊन जाते, धसका मुक्कामाला राहतो. इतका नेमका शब्द असताना तो कोणाला वापरतात ते पाहावे. पोराने धसका घेतला, सुनेने धसका घेतला, म्हाताऱ्याने धसका घेतला. सुभेदाराने धसका घेतला, असे कोणी म्हणत नाही. फौजेतून आलेल्या धडधाकट पुरुषाला हे क्रियापद आपण देतच नाही. त्याला दारू देतो, तापटपणा देतो, फार तर ‘अंगात येतं’ म्हणून देवऋषाकडे नेतो.

लोकमानसाला न भरणारी जखम ठाऊक नाही असेही नाही. कपाळीची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आज्या-पणज्यांनी आपल्याला दिला आहे. युद्ध संपले तरी युद्धातून बाहेर न आलेला योद्धा तो. पण त्याची जखम ही शिक्षा आहे. झोपलेल्यांना मारल्याची, गर्भावर अस्त्र टाकल्याची. आपल्या सर्वांत प्रसिद्ध जखमी योद्ध्याला शापित म्हणून ओळखायची सवय लागली, की जखम दिसताच ‘याने काय केले असेल’ हा प्रश्न आधी येतो. परतलेला माणूस तोंड बंद का ठेवतो, याचे एक उत्तर या कथेत आहे असे मला वाटते.

आता पानिपतच्या दुसऱ्या टोकाकडे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. त्या रणधुमाळीतून निसटून परत आल्या. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही, कारण भाऊ गेले यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मराठी मनात त्यांची प्रतिमा आहे ती वाट पाहणाऱ्या स्त्रीची. ती खरीच आहे, पण अर्धी. त्या घरी बसून वाट पाहत नव्हत्या. त्यांनी स्वतः जे पाहिले होते ते घेऊन त्या परत आल्या होत्या. या साऱ्या कथेत शनिवारवाड्यात खरोखर परतलेले माणूस एक स्त्री आहे, आणि तिला आपण परतलेल्यांत धरत नाही.

पुढे भाऊ ‘परत आले’. सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा ब्राह्मण आपण सदाशिवराव असल्याचे सांगू लागला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात त्याच्याभोवती माणसे जमली, गडामागून गड त्याला मिळत गेले, आणि अखेर पकडून पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर १९१३ मध्ये नाटक लिहिले, ‘तोतयाचे बंड’. शीर्षकातच निकाल आहे: आला तो तोतया, आणि केले ते बंड. राज्यकारभाराच्या बाजूने पाहिले तर निकाल बरोबरच आहे. पण पंधरा वर्षांनी पार बदललेला चेहरा घेऊन येणाऱ्या माणसावर कोकणातल्या इतक्या लोकांनी विश्वास का ठेवला? राजकीय कारणे इतिहासकार देतात. मला आणखी एक वाटते. पानिपतावर गेलेल्यांपैकी असंख्यांची शेवटची खबर घरी आलीच नव्हती. ज्याच्या घरातला कोणी तसा हरवला होता, त्याला एक जण परत येऊ शकतो हे खरे ठरायला हवे होते. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या त्या प्रसिद्ध हिशेबात गेलेले मोजले आहेत. ना हरवलेले, ना परतलेले. परिणामी मराठी रंगभूमीवर गाजलेला परतलेला योद्धा हा खोटा निघाला.

हे जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. ५ डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानात पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. ‘बेपत्ता ५४’ या यादीत पतीचे नाव गेले आणि त्यांचे सारे आयुष्य त्या यादीमागे गेले. २००७ मध्ये नातेवाइकांचे जे पथक पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन आले त्यातही त्या होत्या. मृत्यूची खात्री नाही म्हणून शोक नाही, परतण्याची खात्री नाही म्हणून स्वस्थताही नाही, अशा स्थितीला पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने ‘संदिग्ध हानी’ अशा अर्थाचे नाव दिले. तिने सुरुवातीला अभ्यासलेली कुटुंबेही बेपत्ता वैमानिकांचीच होती. ‘वेडी आशा’ हा आपला शब्द त्यापुढे फार उणा पडतो. त्यात आशा करणाऱ्यालाच वेडे ठरवले आहे.

मराठीत परतलेल्या सैनिकाने स्वतः लेखणी उचलल्याचे उदाहरण आहे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर असून आपण वेगळ्या कपाटात ठेवले आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. लष्करात हवालदार म्हणून ज्याच्या हुकुमाने माणसे हलली, तो गावी आल्यावर पाणवठ्यापासून दूर उभा राहिला. दापोलीच्या कॅम्पात असे पेन्शनर बरेच. निवृत्तीनंतर सुभेदार रामजी सकपाळही मुलांना घेऊन तेथेच आले. पुढे महारांची लष्करभरतीच बंद झाली तेव्हा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज केला, आणि त्या अर्जाचा आधार होता सैनिक म्हणून केलेली सेवा. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसायला इतर सभासदांनी नकार दिला.

वलंगकरांना आपण समाजसुधारणेच्या परंपरेत वाचतो. ते योग्य आहे, पण अपुरे आहे. ‘विटाळ विध्वंसन’ हे परतलेल्या सैनिकाचे लेखनही आहे. सैनिकाला रणात जे होते तेवढ्यावर त्याचे मन ठरत नाही. घरी परतल्यावर त्याला लोक कसे वागवतात यावर बरेच ठरते, हे आज या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण सांगतो. वलंगकरांच्या लेखनात हेच कारण आहे, प्रश्नांच्या स्वरूपात, शास्त्रीपंडितांना उद्देशून. त्यांची जखम लढाईने दिलेली नव्हती, घरवापसीने दिलेली होती. सैनिकांच्या मानसिक आरोग्यावर बोलताना जातीचा उल्लेख अजूनही कोणी करत नाही. दापोलीचा हा पेन्शनर मात्र त्याच्याशिवाय दुसऱ्या कशावर बोलत नव्हता.

पहिल्या महायुद्धाबद्दल थोडक्यात. या काळातली दोन प्रकारची लिखाणे माझ्या उपयोगाची आहेत आणि दोन्ही साहित्य म्हणून लिहिलेली नाहीत. गावोगावच्या चावडीवर इंग्रजांनी बसवलेल्या शिळा हा पहिला प्रकार. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या अपशिंग्याने ४६ जण गमावले आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले. अशा शिळेपुढे उभे राहून वजाबाकी करावी. जी बाकी राहते ती परतलेल्यांची, आणि ती दगडावर कोरलेली नाही. त्या बाकीत कूट-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिलेले मराठा पलटणींचे शिपाई असू शकतात. २९ एप्रिल १९१६ ला तेथील फौज शरण गेली, मग वाळवंटातून तंगडतोड आणि तुर्कांच्या रेल्वेवर मजुरी; सुटका युद्ध संपल्यावर. कूटने मराठी कादंबरीत घर केले नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फ्रान्समधून हिंदी शिपायांनी पाठवलेल्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले उतारे. ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतले निवडक डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. मुख्य सेन्सॉर हॉवेल याने जानेवारी १९१५ मध्ये वरिष्ठांना कळवले की जखमी शिपायांच्या पत्रांत कविता उतरू लागल्या आहेत आणि मनाच्या अस्वस्थतेचे हे वाईट चिन्ह आहे. त्यानंतर महिनाभरातच चार्ल्स मायर्स यांचा ‘शेल शॉक’वरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोऱ्या शिपायाच्या थरथरीला वैद्यकीय नाव मिळत होते त्याच सुमारास हिंदी शिपायाची कविता सरकारी फायलीत लक्षण म्हणून नोंदली जात होती. हॉवेलचा हेतू पाळत ठेवण्याचा होता, पण वाचक म्हणून तो चुकला नव्हता. आमच्यातल्या किती समीक्षकांनी सैनिकाची कविता एवढ्या काळजीने वाचली आहे?

आता आपल्या घराकडे, म्हणजे दिवाळी अंकांकडे. कारगिलनंतर, १९९९ पासून, सैनिकांवरचे लेखन आपल्याकडे वाढले. बहुतेक शौर्यकथा. त्यांना मी नाक मुरडत नाही; मुलगा गमावलेल्या आईने लिहिलेले पुस्तक समीक्षेच्या तराजूत घालण्याचे धैर्य माझ्यात नाही. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. कथा बहुधा चौकीवर सुरू होते आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपाशी संपते. वीरपत्नी, वीरमाता हे शब्द त्या पेटीनंतर मिळतात. ज्याची पेटी आली नाही, जो स्वतःच्या पायांनी, ट्रंक घेऊन आला, त्याच्या बायकोसाठी शब्द नाही. दाराशी भाकरतुकडा ओवाळून टाकला, औक्षण झाले, पेढे वाटले, की आपला विधी संपतो. दसऱ्याला शिवेपर्यंत जाऊन आलेल्यांनाही आपण तेवढेच ओवाळतो. जुन्या काळी ते पुरत असेल, कारण मुलूखगिरीहून सगळे एकदम परतत आणि पावसाळ्यात शेतात शेजारी शेजारी राबत. आजचा शिपाई एकटा परततो, आणि गावी नव्हे, तर बायकोने मुलांच्या शाळेसाठी घेतलेल्या वन-रूम किचनमध्ये. त्या घराचे सगळे नियम त्याच्याशिवाय ठरलेले असतात.

दिव्यापासून फार लांब जायला नको. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ फौजेचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. युद्ध संपल्यावर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. लोक अजून ‘कॅम्प नंबर तीन, चार’ म्हणतात. फाळणीच्या आघाताविषयी आता सिंधीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिले जात आहे. त्याच छपरांखाली आधी मुक्काम करून गेलेल्या शिपायांविषयी आपल्याकडे ‘कॅम्प’ हा शब्द तेवढा उरला आहे.

सोयी अगदीच नाहीत असे कोणी समजू नये. हातपाय गमावलेल्या सैनिकांना काम शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ पासून आहे. ती आता खडकीला आहे. कमरेखाली लुळे झालेल्यांसाठी खडकीतच पुनर्वसन केंद्र आहे. मनासाठी मात्र वाट उशिरा झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. आणि १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात खास सैन्यदलांसाठी तिचा कक्ष उघडला. ही चांगली गोष्ट आहे. पण दूरध्वनीवरचा उपचार म्हणजे सगळा शब्दांचा मामला. पलीकडून कोणी ‘काय होतंय?’ असे विचारल्यावर नाईक किंवा हवालदार असलेला माणूस काय म्हणणार? ‘काही नाही, झोप लागत नाही.’ त्याच्या बायकोने फोन केला तर? ‘ते तसे चांगले आहेत हो.’ इथे समुपदेशकाने ‘आघात’, ‘ताण-तणाव’ अशी शिबिरातली मराठी न वापरता धसका हा शब्द आधी स्वतः उच्चारला तर काय होईल, हे करून पाहण्यासारखे आहे. निदान तो शब्द घरातला आहे.

घाई करायला कारणही आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार. बाकीचे चार वर्षांनी घरी. ते पस्तिशीत येणार नाहीत, बाविशी-पंचविशीत येतील, पेन्शनशिवाय आणि पुष्कळदा आईबापांच्या घरी. ‘माजी सैनिक’ म्हटल्यावर जो मिशीवाला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो, तो या मुलांना बसणारा नाही.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान अठरा वर्षांच्या नोकरीनंतर आले, त्यांतली बरीचशी काश्मीरमध्ये झाली होती. पहिल्या महिन्यात त्यांनी त्यांना चहासाठी हात लावून उठवले आणि मनगट सुजले. तेव्हापासून त्या पायाशी, चार हात लांब उभ्या राहतात, आधी दिवा लावतात, मग नाव न घेता ‘अहो, घरी आहात, सहा वाजले’ एवढेच म्हणतात. ‘घरी आहात’ हे दोन शब्द त्यांनी स्वतः शोधले. कोणी शिकवले नव्हते. दिवाळीत फटाके सुरू झाले की टीव्हीचा आवाज मोठा करून त्या यजमानांना करंज्या तळायला कढईपाशी बसवतात. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला त्यांनी हे सगळे समजावून सांगितले. तिचा मुलगा सध्या राजौरीला आहे, मार्चमध्ये सुट्टीवर यायचा आहे.